एक पिळा जास्त

"भिंत कशाची आहे?" हार्डवेअरच्या दुकानदाराने धाकटीला पुन्हा विचारलं. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत.

"बाथरूमची आहे. वर टाइल्स आहेत."

"टाइल म्हणजे अंगावरचा कपडा, ताई. आत अंग कशाचं आहे? काँक्रीट, वीट, का पोकळ ब्लॉक?"

"ते कसं कळणार?"

"भोक पाडल्यावर," दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला.

धाकटीला हसू आलं नाही. आई दुपारी इस्पितळातून घरी येणार होती. खुब्यात नवा सांधा बसवला होता, आणि डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता पुन्हा पडल्या तर हाड काही जुळणार नाही. कमोडच्या बाजूला पकडायला दांडी हवी, आणि ती अशी हवी की माणसाने सगळा भार टाकला तरी हलता कामा नये. दांडी घेऊन झाली होती. मिस्त्री मात्र आठवडाभर "उद्या नक्की" म्हणत होता आणि आज सकाळपासून फोनच उचलत नव्हता.

"तुम्ही स्वतः लावणार?" दुकानदाराने तिच्या हातांकडे पाहिलं.

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते. स्क्रू रोजच लावते."

"चष्म्याचे स्क्रू! ते तर मुंगीच्या कानात डूल म्हणून घालावेत असे." पण त्याने आतून एक खोका आणला आणि काउंटरवर मूठभर स्क्रू ओतले. बोटाएवढे लांब, षटकोनी डोक्याचे, अंगावर एक आटा उंच आणि एक बुटका. "हे घ्या. यांना प्लास्टिकचा प्लग लागत नाही. भोकात शिरताना स्वतःच भिंतीला आटे पाडतात. पण ड्रिलचं बिट याच मापाचं हवं. जाड बिट घेतलंत तर स्क्रू नुसता लोंबकळेल. भोक स्क्रूपेक्षा थोडं खोल पाडा, धूळ साठायला जागा हवी. आणि ती धूळ फुंकून काढा. धूळ राहिली की स्क्रू धुळीला धरतो, भिंतीला नाही."

"आणि किती घट्ट करायचा?"

"डोकं टेकलं, की थांबा. काँक्रीट एखादी चूक माफ करतं. वीट करत नाही. विटेत पाडलेले आटे मातीचेच असतात शेवटी. जास्त पिळलंत तर स्क्रू जागच्या जागी फिरायला लागतो. तसा फिरला की संपलं, मग त्या भोकात काही राहत नाही."

ती घरी आली तेव्हा अण्णा दारातच उभे होते. अण्णा म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. मोठमोठ्या यंत्रांचे नट-बोल्ट त्यांच्या हाताखालून गेले होते. "दे ती पिशवी इकडे," ते म्हणाले. "मी लावतो. तू कशाला?"

धाकटीने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं नाही, म्हणजे न पाहण्याची काळजी घेतली. तो हात वर्षभरापासून थरथरत होता. आई बाथरूममध्ये पडली त्या दिवशी अण्णा घरात एकटेच होते. त्यांना तिला उचलता आलं नव्हतं. दादा येईपर्यंत ते तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिले होते, तिच्या डोक्याखाली स्वतःची मांडी देऊन. त्यानंतर त्या दिवसाबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते.

"ड्रिल भाड्याचं आहे, अण्णा. माझ्या नावावर घेतलंय. मोडलं तर माझ्या बोकांडी बसेल," ती म्हणाली. "तुम्ही दांडी समतल आहे का ते बघा."

ती सबब दोघांनाही कळली. अण्णांनी पाणसळ उचलली आणि दांडीवर ठेवली.

टाइलवर चिकटपट्टी लावून तिने दांडीच्या दोन्ही टोकांच्या चकत्यांसाठी तीन-तीन खुणा केल्या. टाइलच्या आरपार जाईपर्यंत ड्रिलचा ठोके देणारा हातोडा बंद ठेवायचा, हे तिने मनात घोकून ठेवलं होतं. बिट टेकवलं तेव्हा तिचे खांदे कानाला भिडले होते. आधी पांढरी पूड आली, टाइलची. मग राखाडी, प्लॅस्टरची. मग बिट जरा अडलं, तिने हातोडा सुरू केला, आणि भोकातून लालसर धूळ गळू लागली.

"वीट," अण्णा म्हणाले.

"वीट," ती म्हणाली. म्हणजे जपून.

कमोडच्या मागच्या बाजूला असलेल्या टोकाची तीनही भोकं लाल निघाली. पुढच्या टोकाचं पहिलंच भोक पाडताना धूळ एकदम राखाडी झाली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत घुसलं. दोन विटांमधल्या सांध्यात गेलं होतं ते, नुसत्या जुन्या सिमेंट-वाळूत. तिथे स्क्रू धरणार नव्हता. तिने दांडीच्या टोकाची चकती थोडी फिरवली, खुणा बदलल्या, आणि पुन्हा पाडलं. लाल. बाकीची दोन्हीही लाल.

चहाच्या गाळणीत अडकलेली पत्ती काढावी तशा चिकाटीने तिने प्रत्येक भोक साफ केलं. रबरी फुग्याने फुंकलं, जुना ब्रश आत घालून फिरवला, पुन्हा फुंकलं. तिच्या केसांवर, पापण्यांवर लाल पूड बसली. मग एकेक स्क्रू हाताने सुरू करून पान्याने आत नेला. प्रत्येक पिळ्याला भिंत आतून कुरकुरत होती आणि त्या कुरकुरण्यात एक घट्टपणा होता. डोकं चकतीला टेकलं, की ती थांबे. रोजच्या कामाने हाताला एवढं कळत होतं. चष्म्याच्या फ्रेममध्ये स्क्रू केसभर जास्त पिळला, की काच तडकते.

"झालं?" अण्णांनी विचारलं. "एवढंच?"

"टेकलाय तो."

"टेकणं वेगळं आणि बसणं वेगळं. आमच्याकडे शेवटचा एक पिळा द्यायचोच. त्याशिवाय घरी जायला पाय उचलायचा नाही."

"तुमचं पोलाद होतं, अण्णा. ही वीट आहे."

"हं," अण्णा म्हणाले.

मग तिने दांडी तपासली. आधी वरून दाबली. मग तिला लटकली. मग भिंतीला पाय लावून, दात खाऊन, सगळ्या अंगाने मागे ओढली. दांडी हलली नाही. भिंतीतून चूं की चां आलं नाही. तिने चकत्यांवर चकचकीत टोप्या बसवल्या, म्हणजे स्क्रू झाकले गेले, फरशी पुसली, पाना पिशवीत टाकला आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

आईला वर आणणं हे एक प्रकरणच होतं. दादाने एका बाजूने धरलं होतं, धाकटीने दुसऱ्या, आणि आई दोघांनाही सूचना करत होती. "अरे, मी गोणी आहे का? ओढू नका. माझी मी चढते. तुम्ही नुसते बाजूला राहा." जिन्याच्या वळणावर ती थांबली, धापा टाकत म्हणाली, "हे कुठे आहेत?"

"अण्णा वर आहेत. तुझी गादी ठीक करतायत."

"गादी? ह्यांनी उभ्या जन्मात चादर घातली नाही."

घरात पाय टाकताच तिने वॉकरला टेकून एक नजर सगळीकडे फिरवली, अण्णांकडे पाहून म्हणाली, "वाळलात अगदी," आणि मग, "मला आधी बाथरूमला जायचंय." दादा गाडी परत द्यायला आणि औषधं आणायला खाली गेला होता. धाकटी आईबरोबर आत शिरली. दांडी दाखवली, कशी धरायची ते दाखवलं. पुढच्या टोकाखाली पांढऱ्या फरशीवर चिमूटभर लाल पूड दिसली. पुसताना राहिली असेल, असं म्हणून तिने ती पायाने बाजूला सारली.

"छान आहे," आई म्हणाली. "आता जा बाहेर."

"मी थांबते ना."

"इस्पितळात तीन नर्सांपुढे बसले मी. निदान घरी तरी अब्रू शिल्लक ठेवा माझी. जा." आणि दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. कडी लावू नकोस, हे सांगायचं राहून गेलं होतं.

असू दे, धाकटीने स्वतःला सांगितलं. दांडी आहे. ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली.

अण्णा तिथे स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर ओट्यावर पाना होता.

तिने गॅस पेटवला. पातेलं ठेवलं. पाणी ओतलं. पाना तिने पिशवीत टाकला होता, आणि पिशवी दाराजवळ ठेवली होती. आणि फरशी तिने पुसली होती, दोनदा, कोपऱ्यापर्यंत. जी पूड राहिली असेल असं वाटलं, ती राहिलेली नव्हती. नंतर पडली होती.

"अण्णा, पाना तुम्ही काढलात?"

"हं."

"कशाला?"

"बघत होतो. घट्ट आहे का ते."

"नुसतं बघितलंत?"

अण्णा आपल्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने चोळत राहिले. "एक पिळा दिला," ते म्हणाले. "एकच. तिचा सगळा भार येणार त्याच्यावर. म्हटलं, आपल्या हाताने एकदा बसवावं."

"मग? पिळा दिल्यावर घट्ट झाला, का फिरला? नीट आठवा."

आठवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं त्या हाताने हेच काम केलं होतं. लोखंड कुठे धरतं आणि कुठे सोडतं हे त्याला डोळ्यांच्या आधी कळायचं. त्यांचा चेहरा पाहूनच तिला उत्तर मिळालं.

"आधी कुरकुरला," अण्णा म्हणाले. "मग हाताला काही लागेना."

"किती स्क्रू?"

"पुढच्या टोकाचे दोन. तिसऱ्याला हात लावला नाही. टोपी परत बसवली. सांगणार होतो गं. पण तेवढ्यात तुम्ही दारात. आणि ती म्हणाली, वाळलात."

धाकटी तोवर बाथरूमच्या दाराशी पोचली होती.

"आई! उठू नकोस हं अजून!"

"अगं बाई, बसले तर बसू दे! घड्याळ लावलंयस का बाहेर?"

"तसं नाही. आई, कडी काढता येईल का तुला बसल्या बसल्या?"

"माझा हात काय भुताचा आहे का, इथून दारापर्यंत पोचायला? काय झालंय?"

धाकटीने दार ढकलून पाहिलं. कडी जुनी, जाड होती. बिजागऱ्या आतल्या बाजूने. दादाला फोन लावला. त्याचा फोन बाहेरच्या खोलीत टेबलावरच थरथरत वाजू लागला. दार फोडायचं म्हटलं, तर ते उघडणार आतल्या अंगाला, थेट आईच्या गुडघ्यांवर. आणि आई फार वेळ तशी बसू शकणार नव्हती. ऑपरेशन झालेला पाय फार वेळ दुमडून ठेवायचा नाही, असं इस्पितळात बजावलं होतं.

तिने कपाळ दाराला टेकवलं आणि स्वतःला विचार करायला लावलं. भिंतीत आता काय आहे? भोक आहे, भोकात स्क्रू आहे. आटे गेले. म्हणजे स्क्रूला बाहेर येण्यापासून रोखणारं काही उरलेलं नाही. ओढलं तर कपाटाच्या खणासारखा सरकत बाहेर येईल. पण खाली? खाली जायला त्याला जागाच नाही. खाली वीट आहे. भिंतीत खुंटी मारावी तसा तो भोकात आडवा बसलेला आहे, आणि खुंटीला टोपी टांगताना कोणी तिला भिंतीबाहेर ओढत नाही. म्हणजे वरून दाबलं तर चालेल. ओढलं तर नाही. आणि मागचं टोक शाबूत आहे.

"आई, ऐक. दांडी आहे ना, तिला ओढायचं नाही. अजिबात. मागच्या टोकाला हात ठेवायचा, कमरेजवळ, आणि वरून खाली दाबून उठायचं."

"ओढायची नाही तर लावलीयत कशाला? इस्पितळात त्या व्यायामवाल्या पोरीने पुढे धरायला शिकवलंय मला."

"ते विसर आता."

"आज हे धर, उद्या ते विसर. अगं, माझा पाय थरथरायला लागलाय. मी उठते बाई."

"आई, थांब!"

आतून कपड्यांची सळसळ ऐकू आली. आई पुढे वाकणार, हात लांब करणार, जिथे सहज पडतो तिथे, पुढच्या टोकाला, आणि ओढणार.

तिला बाजूला सारून अण्णा दाराशी आले.

"ऐकलंस का," ते म्हणाले. ओरडले नाहीत. सकाळी आंघोळीचं पाणी काढलंय असं सांगतात त्याच आवाजात म्हणाले. "ती पुढची बाजू मी बिघडवलीय. पिळायला गेलो, आटे गेले. तिथे हात लावलास तर पडशील."

"तुम्ही?" आई म्हणाली.

"मी."

"शेवटचा पिळा?"

"हो."

"देवा रे," आई म्हणाली. "बरण्यांची झाकणं झाली, नळ झाले, आता माझ्यावर आलं. बोला, काय करू?"

"तुझी पाठ जिथे आहे, तिथे दांडीचं मागचं टोक आहे. चाचपून बघ. मिळालं?"

"मिळालं."

"त्यावर तळवा ठेव. मूठ आवळू नकोस, नुसता तळवा. टेबलावर टेकतेस तसा. दुसरा हात?"

"दुसरा कमोडच्या कडेवर आहे."

"राहू दे. वॉकरला हात लावू नकोस अजून, तो कलंडेल. आता पाय जरा मागे घे, चांगला पाय. पुढे वाक. आणि दोन्ही हातांनी खाली ढकल. जमीन खाली ढकलतेयस असं."

"जमीन मी ढकलू?"

"ढकल."

आतून एक दीर्घ हुंकार आला. मग टिण्ण करून काहीतरी फरशीवर पडलं आणि गोल गोल घरंगळत गेलं. धाकटीने डोळे मिटून घेतले. अण्णांचा हात दारावर सपाट टेकलेला होता, आणि सगळं दार त्याबरोबर हलकेच खडखडत होतं.

"ती टोपी पडली," आई आतून म्हणाली. "चकचकीत. मी उभी आहे."

धाकटीने डोळे उघडले.

"ऐकलंत का? मी उभी आहे."

"ऐकलं," अण्णा म्हणाले.

वॉकरचे पाय टकटक वाजले, कडी सरकली. दारात आई उभी होती, घामेजलेली, केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोणी गेलं की काय?" ती म्हणाली. "आणि चहाचा वास येतोय तो जळका आहे."

धाकटी धावत जाऊन गॅस बंद करून आली. परत आली तेव्हा अण्णा आत भिंतीजवळ वाकले होते. पुढच्या टोकाचे ते दोन स्क्रू त्यांनी पान्याशिवाय, नुसत्या चिमटीत धरून बाहेर काढले. प्रत्येकाच्या आट्यांमध्ये लाल भुकटी भरली होती. तिसरा मात्र अजून घट्ट होता, पान्याशिवाय हलेना. मागच्या टोकाचे तीनही तसेच.

"सगळी काढू या," धाकटी म्हणाली. "अर्धी लटकणारी दांडी नको. समोर दिसली की हात जाणारच. उद्या नवी भोकं पाडू, या भोकांपासून चांगली चार बोटं लांब. जवळ पाडली तर मधली वीट फुटेल." तिने पान्याने उरलेले चारही स्क्रू काढले आणि दांडी उतरवली.

"आणि या वेळी मला विचारा," आई वॉकरवरूनच म्हणाली. "मी तिकडे पलंगावर पडलेली, आणि इकडे माझा हात कुठे जाणार हे तुम्ही दोघांनी ठरवलंत. बसून दाखवते."

"आत्ता?" धाकटी घाबरली. "दांडी निघाल्यावर उठशील कशी?"

पण आई बसलीसुद्धा होती, कमोडचं झाकण पाडून, त्यावर, सावकाश, एक हात धाकटीच्या खांद्यावर टेकून. बसल्यावर तिने डोळे मिटले आणि हात सहज पुढे केला. तो जिथे थांबला ती जागा त्यांनी लावलेल्या दांडीपेक्षा चांगलीच खाली होती, आणि बरीच पुढेही.

"हे बघा," ती म्हणाली. "उगाच नाही मी ओढत. तुमची दांडी उंचावर होती." मग तिने अण्णांकडे पाहिलं. "या इकडे."

अण्णा जागचे हलले नाहीत. "मला तुला उचलता येत नाही," ते म्हणाले. धाकटीकडे न बघता, भिंतीतल्या भोकांकडे बघत. "त्या दिवशीही आलं नाही."

"उचलायला कोण सांगतंय? माझी मी उठते. मला फक्त न हलणारं काहीतरी हवंय. भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि हात इथे धरा. असा. आडवा."

अण्णांनी पाठ भिंतीला टेकवली, पाय फाकवून रोवले, आणि कोपरापासून पुढचा हात आईच्या हाताखाली आडवा धरला. तो थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट पकडलं, कोपर बरगड्यांशी घट्ट दाबलं. थरथर कमी झाली. थांबली नाही.

"हलतोय," ते म्हणाले.

"तेवढं चालतं," आई म्हणाली. तिने तळवा त्या हातावर ठेवला, पुढे वाकली, आणि सगळा भार टाकला. अण्णांच्या मानेची शीर ताठ झाली. टाच फरशीवर जेमतेम बोटभर सरकली आणि थांबली. आई उठली.

"अजून सोडू नका," धाकटी म्हणाली. "तसेच थांबा, अण्णा."

तिने खिशातून पेन्सिल काढली, त्यांच्या हाताखाली वाकली, आणि त्यांच्या मनगटाच्या उंचीवर टाइलवर एक आडवी रेघ मारली.